खाडीचं तोंड

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं नीटनेटकं करून.)

फिलाडेल्फियाच्या थोडं खाली, डेलावेअर नदीच्या काठावर चेस्टर नावाचं गाव आहे. ५ सप्टेंबर १७८१ रोजी फ्रेंच सेनापती रोशाँबो होडीतून नदीने त्या गावाकडे येत होता. धक्क्यावर त्याला एक उंचापुरा माणूस दिसला. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात रुमाल, आणि दोन्ही हात जोरजोराने हलवतोय. होडी जवळ गेल्यावर कळलं, हे जनरल वॉशिंग्टन. ज्या माणसाला कधी मोठ्याने हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्याने रोशाँबो काठाला लागताच त्याला मिठी मारली. बातमीच तशी होती. फ्रेंच आरमार चेसापीकच्या खाडीत येऊन पोचलं होतं.

आता गंमत बघा. वॉशिंग्टन ज्या आरमाराच्या नावाने टोपी हलवत होता, ते त्याच दिवशी दुपारी खाडीत राहिलंच नव्हतं. ते नांगर सोडून बाहेर समुद्रात गेलं होतं, आणि संध्याकाळी चारनंतर त्याच्या तोफा सुरू झाल्या होत्या. हे वॉशिंग्टनला ठाऊक नव्हतं, आणि पुढचे कित्येक दिवस कळणारही नव्हतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा निकाल लावणारी लढाई चालू आहे, आणि अमेरिकेचा सरसेनापती धक्क्यावर आनंदात उभा आहे! आणखी एक सांगतो. त्या लढाईत अमेरिकेचं एकही जहाज नव्हतं. एका बाजूला अमेरिकेच्या मदतीला आलेले फ्रेंच, दुसऱ्या बाजूला इंग्रज.

आज मला त्या लढाईबद्दल बोलायचं आहे. खरं सांगायचं तर लढाई म्हणून ती काही फार देखणी नाही. अडीच तास चालली, त्यात एकही जहाज बुडालं नाही, आणि त्या रात्री कोणालाही आपण जिंकलो असं वाटलं नाही. मग तिच्यावर तासभर का बोलायचं? तर, आपण खाडीकाठची माणसं आहोत, ही लढाई आपल्याला लवकर समजेल.

दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीचं तोंड डोळ्यांपुढे आणा. आत कितीही गावं असोत, बंदरं असोत, किल्ले असोत. तोंडाशी कोण उभा आहे यावर आतल्या सगळ्यांचं भवितव्य. चेसापीक ही अशीच खाडी, फक्त अवाढव्य. लांबी तीनशे किलोमीटरच्या वर. तिच्यात जेम्स, यॉर्क, पोटोमॅक, ससक्वेहाना अशा मोठमोठ्या नद्या येऊन मिळतात. पण तोंड मात्र वीस किलोमीटरच्या आत. दक्षिणेला केप हेन्रीचं टोक, उत्तरेला केप चार्ल्सचं, आणि मध्येच वाळूचा एक उथळ पट्टा. म्हणजे मोठ्या जहाजाला जाण्यायेण्याची वाट त्याहूनही अरुंद.

या खाडीत, यॉर्क नदीच्या काठी यॉर्कटाउन इथे, इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस सात हजारांवर फौज घेऊन बसला होता. का बसला होता? न्यूयॉर्कहून त्याचा वरिष्ठ क्लिंटन याने सांगितलं होतं की, मोठी लढाऊ जहाजं येऊन उभी राहू शकतील असं खोल पाण्याचं ठाणं शोध. कॉर्नवॉलिसने ते शोधलं आणि ऑगस्टमध्ये तिथे खंदक खणायला सुरुवात केली. पाठीशी समुद्र आहे, समुद्र आपला आहे, मग काळजी कसली? सहा वर्षं युद्ध चाललेलं, आणि त्या सहा वर्षांत इंग्रजांची फौज किनाऱ्यावर जिथे अडचणीत आली तिथून जहाजांनी तिला उचलून नेलं होतं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त समुद्र कायम आपलाच राहील, हे त्याने गृहीत धरलं होतं.

वॉशिंग्टनला खरं तर न्यूयॉर्क हवं होतं. १७७६ साली ते त्याच्या हातून गेलं होतं आणि ती सल त्याच्या मनात कायम होती. रोशाँबो मात्र थंड डोक्याचा, वेढ्यांच्या युद्धात मुरलेला शिपाई. त्याने वॉशिंग्टनच्या समोर मान डोलावली आणि वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच आरमाराच्या प्रमुखाला पत्रातून सुचवलं की चेसापीकला येणं जास्त बरं. १४ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या हाती निरोप पडला: आरमार येतंय, चेसापीकला येतंय, आणि १५ ऑक्टोबरपर्यंतच थांबणार आहे. आता न्यूयॉर्कचा हट्ट धरून भागणार नव्हतं. वॉशिंग्टन चिडला असणार, पण त्याने ते गिळलं आणि फौज दक्षिणेकडे वळवली. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच. क्लिंटनला संशय येऊ नये म्हणून न्यू जर्सीत पाव भाजायच्या भट्ट्या बांधल्या. भट्ट्या दिसल्या म्हणजे फौज मुक्काम करणार, असं कोणीही समजेल. क्लिंटनही तसंच समजला.

आता त्या आरमारप्रमुखाकडे येऊ. त्याचं नाव काउंट द ग्रास. सहा फूट दोन इंच उंच. त्याचे खलाशी म्हणत की लढाईच्या दिवशी तो सहा फूट सहा इंच होतो. तो तेव्हा सेंट-डोमिंगच्या बंदरात होता. आजचं हैती ते हेच. तिथल्या फ्रेंच व्यापाऱ्यांची साखरेने भरलेली जहाजं युरोपला निघायची होती आणि त्यांना आरमाराचं संरक्षण हवं होतं. द ग्रासने व्यापाऱ्यांना सांगितलं, थांबा, माल नंतर जाईल. आणि हाताशी होती ती सगळी मोठी जहाजं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, घेऊन तो निघाला. सोबत तीन हजारांवर सैनिक. पैसा नव्हता, तो हॅवानाच्या स्पॅनिश लोकांकडून पाच लाख पेसो गोळा करून घेतला. ती साखर पिकवणारे लोक गुलाम होते. दहा वर्षांनी, १७९१ मध्ये, त्यांनी त्याच भागात बंड केलं आणि पुढे आपलं स्वतःचं राष्ट्र उभं केलं. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी निघालेलं आरमार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. एवढं बोलून मी ते सोडतो, कारण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

इंग्रजांची गोष्ट नेमकी उलटी. वेस्ट इंडीजमधला त्यांचा मोठा सेनानी रॉडनी. फेब्रुवारीत त्याने सेंट युस्टेशियस हे डच बेट लुटलं होतं आणि त्या लुटीतच त्याचं मन अडकलं होतं. ऑगस्टमध्ये तो तब्येतीचं कारण सांगून मायदेशी गेला, काही जहाजंही बरोबर घेऊन गेला. उरलेली चौदा जहाजं त्याने सॅम्युएल हूडच्या हाती दिली आणि द ग्रासच्या मागावर उत्तरेला पाठवली.

आपल्याकडे पावसाळा आला की होड्या वर ओढतात, शाकारतात, बुडाला तेल चोपडतात. कारण पाण्यातल्या लाकडाला शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, किडा लागतो, आणि होडी जड होते. इंग्रजांनी त्यावर तोडगा काढला होता. जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकायचा. फ्रेंचांची सगळी जहाजं तशी नव्हती. त्यामुळे हूड जलद गेला. इतका जलद, की द ग्रासला त्याने वाटेत नकळत मागे टाकलं! २५ ऑगस्टला त्याने चेसापीकच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं. खाडी रिकामी. तो न्यूयॉर्कला निघून गेला. पाच दिवसांनी द ग्रास त्याच रिकाम्या खाडीत आला आणि नांगर टाकून बसला. पत्रा चांगला होता म्हणून वेग मिळाला, आणि वेग मिळाला म्हणून शत्रू हुकला. वाचताना मला इथे दर वेळी हसू येतं.

न्यूयॉर्कला टॉमस ग्रेव्ह्‌ज हा अधिकारी होता, आणि तो हूडपेक्षा ज्येष्ठ. दोघं मिळून एकोणीस जहाजं घेऊन ३१ ऑगस्टला निघाले. ही जहाजं म्हणजे काय ते सांगतो. समुद्रावरच्या लढाईत तेव्हा जहाजं एकामागोमाग एक अशी रांग करून उभी राहत, आणि बाजूंच्या तोफांनी समोरच्या रांगेवर मारा करत. त्या रांगेत टिकेल असं जहाज म्हणजे साधारण चौसष्ट तोफांपासून शंभरापर्यंत. द ग्रासचं ‘व्हिल द पॅरिस’ शंभरापेक्षा जास्त तोफांचं होतं. ग्रेव्ह्‌जकडे ‘लंडन’, अठ्ठ्याण्णव तोफांचं. त्याची काही जहाजं अगदी जुनाट. ‘टेरिबल’ नावाचं एक तर वेस्ट इंडीजपासून पाणी उपसत उपसतच आलं होतं.

पाच तारखेच्या सकाळी इंग्रजांच्या पुढच्या टेहळणीच्या जहाजाला खाडीत डोलकाठ्या दिसल्या. किती? मोजायला वेळ लागला. वारा ईशान्येचा, म्हणजे इंग्रजांच्या पाठीशी. आणि फ्रेंचांची अवस्था काय? नव्वद अधिकारी आणि अठराशेच्या वर खलाशी पाणी आणि लाकूडफाटा आणायला किनाऱ्यावर गेलेले. चार जहाजं आत नद्यांच्या तोंडांवर पहाऱ्याला. भरतीचं पाणी आत येतंय, त्याच्या विरुद्ध बाहेर निघता येईना. दुपारी भरती उतरायला लागली तशी द ग्रासने आज्ञा केली: नांगर ओढत बसू नका, दोर सोडा, खुणेला तरंगते पिंप बांधा, आणि निघा. चोवीस जहाजं निघाली, पण कशी? जत्रेतून माणसं बाहेर पडावीत तशी. पुढची चार-पाच खूप पुढे, मधली अडकलेली, मागची अजून टोकाला वळसा घालतायत.

त्या पुढच्या तुकडीचा प्रमुख होता बूगँव्हिल. जगप्रदक्षिणा करून आलेला दर्यावर्दी. आपल्या कंपाउंडवर जी बोगनवेल चढते ना, तिला ह्याचंच नाव आहे.

आता प्रत्येक आरामखुर्चीतला सेनापती विचारतो, की ग्रेव्ह्‌जने तेव्हाच झडप का नाही घातली? वारा त्याचा, समोरचे विस्कळीत, तोंडातून एकेक बाहेर येतायत. मी ग्रेव्ह्‌जला मूर्ख म्हणणार नाही. तो नियमाने चालणारा माणूस होता आणि नियम सांगत होता, की रांगेसमोर रांग लाव. शिवाय समोर वाळूचा उथळ पट्टा. त्याच्या हाताखालचे निम्म्याहून जास्त कप्तान त्याला जेमतेम आठवड्याभराच्या ओळखीचे. दुपारी दोनच्या सुमारास त्याने सगळ्या जहाजांना एकदम उलट फिरवलं, म्हणजे तोंड समुद्राकडे, फ्रेंचांच्या दिशेला समांतर. त्यामुळे झालं काय, की आतापर्यंत पुढे असलेली हूडची तुकडी, सगळ्यांत तडफदार माणसाची तुकडी, शेपटाला गेली. आणि मग तो थांबला. फ्रेंचांची मधली फळी जागेवर येईपर्यंत थांबला!

चारनंतर तोफा सुरू झाल्या. दोन्ही रांगा समांतर नव्हत्या. एका बाजूला मिटत आलेल्या कात्रीसारख्या तिरक्या होत्या. पुढची टोकं एकमेकांना भिडली, मागची टोकं तोफेच्या टप्प्यात आलीच नाहीत. इंग्रजांचं पहिलं जहाज ‘श्रूसबरी’. त्याच्या कप्तानाचा पाय गेला. त्याच्या मागच्या ‘इंट्रेपिड’च्या अंगावर नंतर पासष्ट भोकं मोजली. फ्रेंचांचा एक हिशेबी प्रकार असा, की ते डोलकाठ्या, शिडं आणि दोर यांवर नेम धरत. माणूस मारण्यापेक्षा जहाज लंगडं करणं त्यांना पसंत. वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजाची डोलकाठी गेली की ते जहाज कशाला राहतं? दुसऱ्या दिवशी इंग्रजांना याचा अर्थ नीट कळला.

आणि मागे हूड काय करत होता? इथे दोन निशाणांची गोष्ट येते. ग्रेव्ह्‌जच्या डोलकाठीवर एक निशाण होतं, ‘रांग धरून राहा’. दुसरं चढलं, ‘शत्रूला जवळून भिडा’. दोन्ही एकाच वेळी. शाळेत मास्तरांनी ‘रांगेत चला’ आणि ‘धावत या’ एकदम म्हणावं, तसं. हूडने पहिलं पाळलं. रांगेत राहिलं तर भिडता येत नव्हतं, कारण रांग तिरकी होती. साडेपाचच्या सुमारास रांगेचं निशाण उतरलं तेव्हा तो पुढे सरकला, पण तोवर सूर्य कलला होता. साडेसहाला तोफा थांबल्या. हूडने दुसऱ्याच दिवशी सविस्तर टिपण लिहून ग्रेव्ह्‌जच्या चुका मांडल्या. ग्रेव्ह्‌जचं म्हणणं, की मी काय म्हणतोय ते कळत नव्हतं का तुला? दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं आहे, की हूडला कळत होतं. पण नियमावर बोट ठेवता येत असताना, न आवडणाऱ्या साहेबासाठी स्वतःहून पाऊल टाकायचं नाही, ही वृत्ती फक्त इंग्रजी आरमारातच असते असं नाही. इथे बरेच निवृत्त सरकारी अधिकारी बसलेत, ते हसतायत, म्हणजे माझं बरोबर असावं.

इंग्रजांचे ९० मेले, २४६ जखमी. फ्रेंचांचे मेलेले-जखमी मिळून दोनशेच्या आसपास. एवढंच.

खरी लढाई पुढचे आठ दिवस झाली, आणि तीत एकही तोफ उडाली नाही. दोन्ही आरमारं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, दक्षिणेला वाहत गेली, थेट केप हॅटरसच्या बाजूला. ग्रेव्ह्‌ज शिडं शिवतोय, दोर बांधतोय. ‘टेरिबल’ इतकं झिरपत होतं की शेवटी ११ तारखेला इंग्रजांनी स्वतःच ते पेटवून दिलं. हूड सांगतोय, आपण आधी खाडीत शिरू, तोंड धरून बसू. ग्रेव्ह्‌ज ऐकत नाही. आणि एका रात्री द ग्रास दिसेनासा झाला. तो मागे वळला होता.

तिकडे उत्तरेकडून, ऱ्होड आयलंडहून, दुसरा फ्रेंच अधिकारी बारास आठ जहाजं घेऊन आला होता. वेढ्याच्या अवजड तोफा आणि खारवलेलं मांस त्याच्याकडे. खाडीच्या तोंडावरचे दोन्ही पहारेकरी समुद्रात एकमेकांकडे बघत बसलेले, आणि हा अलगद आत! द ग्रास परत आला तेव्हा खाडीत छत्तीस मोठी जहाजं झाली. फ्रेंचांनी जिथे दोर सोडले होते ती तरंगती पिंपं कापायला ग्रेव्ह्‌जने दोन फ्रिगेटी, म्हणजे हलकी, वेगवान लढाऊ जहाजं, पाठवल्या होत्या. त्याही अलगद पकडल्या गेल्या.

१३ तारखेला ग्रेव्ह्‌जने हूडला विचारलं, आता काय करावं? हूडने कळवलं की मत द्यायला मला आवडलं असतं, पण आपण स्वतःला ज्या दयनीय अवस्थेत आणलं आहे, तीत काय म्हणावं हेच कळत नाही. आणि आरमार न्यूयॉर्कला गेलं.

यॉर्कटाउनचं पुढे काय झालं ते पाठ्यपुस्तकात आहे, मी धावत सांगतो. २८ सप्टेंबरला वेढा, ९ ऑक्टोबरला तोफा. त्या तोफांत बारासने आणलेल्या होत्याच. मध्यंतरी द ग्रासला खाडी सोडून मोकळ्या समुद्रात जायची हुक्की आली होती, तेव्हा वॉशिंग्टनने कळवळून पत्र लिहिलं, लाफाएत या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याला धाडलं, आणि तो थांबला. १६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने नदी ओलांडून निसटायचा प्रयत्न केला. वादळ आलं, होड्या पांगल्या. शिधा संपत आला, तेव्हा स्वातंत्र्याच्या आशेने इंग्रजांच्या आश्रयाला आलेल्या काळ्या गुलामांना त्याने तटबंदीबाहेर हाकललं. त्यांतले कितीतरी देवीने आजारी होते. १९ ऑक्टोबरला शरणागती. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार ओहारा नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या हाती पाठवली. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून सुटकेसाठी आरमार निघालं. पोचलं २४ ला.

द ग्रासला ही हवा फार दिवस लाभली नाही. १२ एप्रिल १७८२ ला वेस्ट इंडीजमध्ये रॉडनीने त्याला हरवलं, ‘व्हिल द पॅरिस’सकट पकडलं.

कॉर्नवॉलिस मात्र आपल्याला शाळेतच भेटला आहे. ‘टिपा लिहा: कायमधारा पद्धत.’ तोच हा. यॉर्कटाउननंतर पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ साली श्रीरंगपट्टणापुढे टिपूविरुद्ध उभा होता, तेव्हा शेजारी मराठ्यांची छावणी होती, हरिपंत फडके तिथे होते. या वेळी वेढ्याच्या बाहेरच्या बाजूला होता, एवढाच फरक. टिपूची दोन मुलं त्याने ओलीस घेतली. त्या मुलांच्या आजोबांचं, हैदर अलीचं नाव अमेरिकन लोकांनी आपल्या एका जहाजाला दिलं होतं, आणि १७८२ च्या एप्रिलमध्ये डेलावेअरच्या खाडीत त्या ‘हैदर अली’ने स्वतःपेक्षा ताकदवान इंग्रज जहाज पकडलं. कॉर्नवॉलिस १८०५ साली गाझीपूरला वारला, गंगेकाठी त्याची कबर आहे.

मघाशी एका आजोबांनी चिठ्ठी पाठवून विचारलं की, त्या युद्धात आपल्याकडे काही घडलं का. घडलं तर. इंग्रजांना एकाच वेळी जिब्राल्टर, वेस्ट इंडीज, अमेरिका आणि हिंदुस्थान सांभाळायचं होतं, म्हणूनच ग्रेव्ह्‌जकडे एकोणीसच जहाजं होती. मराठे-इंग्रजांचे तह, वडगावचा १७७९ चा आणि सालबाईचा १७८२ चा, हे त्याच काळातले. आणि बंगालच्या उपसागरात फ्रेंचांचा सुफ्राँ आणि इंग्रजांचा ह्यूज पाच वेळा भिडले. त्यातली दुसरी लढाई नेमकी १२ एप्रिल १७८२ ला, ज्या दिवशी तिकडे द ग्रास पकडला गेला. पाचवी कडलूरला, २० जून १७८३ ला. पंधरा फ्रेंच जहाजं, अठरा इंग्रज, दोन्हीकडचे मिळून दोनशे मेले. युरोपात तहाच्या मसुद्यावर सह्या होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. बातमी अजून वाटेत होती. नऊ दिवसांनी, २९ जूनला, ‘मीडिया’ नावाचं एक इंग्रज जहाज पांढरं निशाण लावून कडलूरच्या किनाऱ्याशी आलं, आणि युद्ध संपल्याची बातमी तेव्हा तिथे पोचली.